होळीच्या माळावरचा परका खांब

"कुनी रोवला रे ह्यो? कुनाच्या बापानं रोवला? समोर येऊ दे, खांबासकट होळीत घालतो त्याला!"

हा माझा मामा. फाकपंचमीचा, म्हणजे फाल्गुनातल्या शुद्ध पंचमीचा, सूर्य नुकता डोंगरामागून डोकावत होता, मामा गडावरच्या होळीच्या माळावर मधोमध उभा होता आणि समोरच्या एका लाल-पांढऱ्या खांबाला शिव्या घालत होता. खांब मनगटाएवढा जाड, माणसाहून हातभर उंच, सरळसोट. शिव्या खाऊनही तो वाकला नाही, यावरूनच मला संशय आला की तो आमच्या भागातला नाही.

आम्ही चौघं भाचे-पुतणे मामाच्या मागे आमचा सावरीचा खांब खांद्यावर घेऊन उभे होतो. खाली ठेवावा तर मामा म्हणणार अपशकुन केला, आणि धरून ठेवावा तर खांदा म्हणणार मी चाललो. सावरीचे काटे तासले तरी ते जागा विसरत नाहीत.

मामाच्या आवाजाबद्दल थोडं सांगायला हवं. तो गडावर शिंकला तर खाली महाडात सावित्रीचं पाणी वीतभर मागं सरकायचं. त्या सकाळी तर तो ओरडत होता. पार कुडपणला एका म्हातारीनं ढग गडगडतायत असं समजून अंगणातली वाळवणं आत घेतली. हे मला पुढं तिच्या सुनेनंच सांगितलं. सासूच्या बाजूनं सून खोटं कशाला बोलेल?

ज्यांनी गड पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. आमचा गड ही एके काळची राजधानी. राजधानी म्हटली की मधोमध चौक आलाच. मुंबईला आहे, दिल्लीला आहे, तसा आमच्या राजधानीलाही होता, आणि तो म्हणजे हा माळ. एका अंगाला नगारखान्याकडे जाणारी वाट, दुसऱ्या अंगाला बाजारपेठेची दगडी जोती, आणि मध्ये हा मोकळा सपाट पट्टा. पुढं राज्य गेलं, बाजार उठला, छपरं कोसळली. चौक तेवढा राहिला. चौकाला छप्पर नसतं, त्यामुळे त्याचं पडण्यासारखं काही नव्हतंच.

माझ्या तरुणपणी, म्हणजे आपला जिल्हा कुलाबा म्हणवायचा आणि महाडाहून गडाच्या पायथ्याशी एस.टी. मनात आलं तर यायची त्या काळात, त्या चौकात आमची गुरं बसायची. राजधानीच्या चौकात रवंथ करून आलेली म्हैस खालच्या म्हशींशी बोलायची नाही. आमच्या मामीची एक तर दूध काढताना मान वळवून असं बघायची, की मामी पदर सावरून बसायची.

तर या माळावर होळी लागायची. महाराजांच्या वेळेपासून लागते असं सगळे म्हणत. पौर्णिमेला दिवस बुडताना आधी गडावरची होळी पेटायची, तिचा जाळ खालून दिसला की मग खालच्या वाड्यांच्या होळ्या. गडावरची होळी पेटवण्याचा मान आमच्या वाडीचा, आणि वाडीत मामाच्या घराण्याचा. पंचमीला सूर्य वर आला की माळाच्या मधोमध एक ठरलेला खळगा आहे, त्यात खांब उभा करायचा. ज्याचा खांब, त्याची होळी. एकदा उभा राहिलेला खांब जळेपर्यंत कुणी उपटायचा नाही, उपटला तर गावावर अरिष्ट. आणि एक वर्ष जरी खंड पडला तरी मान गेला. तो पुन्हा मागायचा नाही.

आमच्या वाडीच्या पल्याड, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, दुसरी वाडी. तिचा गावकार, म्हणजे तिथला मुख्य मानकरी, म्हणायचा की हा मान मुळात त्यांचा, आमच्या पूर्वजांनी तो लबाडीनं लाटला. तो आणि मामा एकाच वयाचे, एकाच उंचीचे. एकाच मुलीला दोघांनी मागणी घातली होती, ती मुलगी म्हणजे माझी मामी. त्यामुळे दर पंचमीला मामा सूर्याच्या आधी निघायचा, आणि वाटेत ज्या झाडामागे पल्याडचा माणूस लपू शकेल अशा प्रत्येक झाडाला काठीनं एक फटका मारत जायचा. आमच्याकडे त्या काळी नाचणी, वरी आणि संशय ही तीनच पिकं. पहिल्या दोन पिकांना पाऊस लागायचा.

आणि त्या वर्षी खळग्यात आधीच खांब उभा!

"गेरू नि चुना," मामा खांबाच्या रंगाचा वास घेत म्हणाला. "ह्यो पल्याडचाच. आपल्यात कोन खांब रंगवतो? लग्नातला कलवरा हाय काय?"

तेवढ्यात पल्याडचा गावकार हजर. मामाच्या आवाजानं तो उठला, धावत गड चढला आणि आला. मामाचं म्हणणं, तो आधीपासून जोत्यांमागे दबा धरून होता, कारण त्याला धाप लागली नव्हती. मला वाटतं लागली होती, पण मामासमोर त्यानं ती गिळली. त्याच्या मागे त्याची सातआठ माणसं.

"काय रे, सकाळच्या पारी कुनाच्या नावानं शिमगा?" गावकार म्हणाला.

"हात दाखव," मामा म्हणाला.

"का? भविष्य बघतोस?"

"दाखव म्हनतो ना!"

गावकारानं हात पुढं केले. दोन्ही तळवे लालभडक.

"गेरू!" मामा असा किंचाळला की आमच्या खांबाचं मागचं टोक माझ्या पायावर आलं.

"पालखीच्या चौरंगाला लावत व्हतो."

"पंचमीला? चौरंगाला गेरू तेरशीला लागतो."

"आमचा चौरंग, आमचा गेरू नि आमचीच तिथी. तू कोन रे पंचांग सांगनारा? आनि ऐक, मला सगळा कळतो. खांब तूच रोवलास. सूर्य वर यायच्या आधी रोवलास, आनि आता चोराच्या उलट्या बोंबा."

"मी रोवला असता तर माजा खांब ह्या चार गाढवांच्या खांद्यावं कशाला असता?"

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुद्दा बिनतोड होता, म्हणून गाढवपणाकडे आम्ही दुर्लक्ष केलं.

मामानं देवीची शपथ घेतली, खांब माझा नाही. गावकारानं त्याहून मोठ्यानं शपथ घेतली, खांब माझाही नाही. दोघांनी शपथा घेतल्या, आणि दोघांनाही पक्कं कळलं की समोरचा खोटं बोलतोय. मग गावकाराच्या डोक्यात एक विचार शिरला. तो शिरताना आम्हा सगळ्यांना दिसला, कारण गावकाराला पूर्ण टक्कल होतं आणि घाईत तो टोपी विसरला होता.

"आमचाच हाय," तो म्हणाला.

"काय?"

"खांब. आमचाच. आमच्या पोरांनी रोवला असंल. मला ठाव नव्हता."

"मेल्या, आत्ता देवीची शपत घेतलीस!"

"मी रोवला नाय याची घेतली. मी कुठं रोवला? पोरांनी रोवला." आणि त्यानं मागच्या माणसांकडे वळून विचारलं, "काय रे, तुमीच ना?"

त्यातले दोघं लगेच हो म्हणाले, दोघं नाही म्हणाले, आणि एक म्हणाला, "कवा?"

मामाच्या कपाळावर घामाचा थेंब दिसला. त्याचं काय पणाला लागलंय ते आम्हाला कळत होतं. ज्याचा खांब त्याची होळी. आणि मामानंच साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोंबलून सांगितलं होतं की खांब आपला नाही. आता जर तो पल्याडचा ठरला तर मान गेला, आणि तोही मामाच्याच साक्षीनं.

"तळाशी काय घातलं सांग," मामा हळूच म्हणाला. आमच्यात खांबाच्या बुडाशी मूठभर नाचणी आणि एक सुपारी ठेवतात.

"सांगनार नाय," गावकार म्हणाला. "उपट नि बघ."

उपटायचा तर नव्हता. तीच तर मेख.

इथं आमच्या वाडीचा एक चाकरमानी पुढं झाला. मुंबईत गिरणीत कामाला होता, शिमग्याला गावी आलेला. तो इतर वेळी मराठीच बोलायचा, पण धोका दिसला की हिंदीत शिरायचा. "मामू," तो म्हणाला, "ये सी.आय.डी. का डंडा है. मी मुंबईला बघितलाय. असाच लाल-सफेद. ह्यो लागला की मागनं नोटीस येते, नोटीसमागनं पोलिस येतो, पोलिसामागनं बुलडोजर."

सगळ्यांच्या माना एकदम तलावाच्या दिशेला वळल्या. कारण तिकडं कोण अंघोळीला गेलंय ते सगळ्यांना माहीत होतं.

पुण्याचे एक प्राध्यापक आठवड्यापासून गडावर आले होते. किडकिडीत, डोक्यावर सोला हॅट, पायात लोकरी मोजे. राजधानीच्या या चौकाचा इतिहास लिहायचा म्हणत होते. आता तुम्हीच सांगा, रिकाम्या माळाचा इतिहास लिहायला कुणी पुण्याहून येतं? एकानं सांगितलं, ते गुप्तधन शोधतायत. दुसऱ्यानं सांगितलं, इथं धरण होणार. डोंगराच्या माथ्यावर धरण कसं होईल असं मी विचारलं, तर तो म्हणाला, म्हणूनच तर गुपचूप चाललंय. शिवाय त्यांच्याकडे तीन पायांचं एक यंत्र होतं आणि त्यातून ते एक डोळा मिटून बघत. एक डोळा मिटून बघणाऱ्याचा आमच्यात भरवसा धरत नाहीत. तो नेम धरतोय असं समजतात.

एक लांब गोणपाटाची गुंडाळी ते स्वतःच वागवत, यंत्र वाहायला मात्र त्यांनी मलाच धरलं होतं. म्हणून पुढचं मी ऐकीव सांगत नाही.

पहिल्या दिवशी ते मामाच्या पडवीत जेवायला बसले आणि विचारलं, "माळावर होळी कोण लावायचं?"

मामानं हात धुतले, मांडी ठोकली आणि घराण्याची गोष्ट सांगितली. महाराजांच्या वेळी एका शिमग्याला अवकाळी पाऊस आला. माळावरची होळी भिजली, काही केल्या पेटेना. दरबार ताटकळला, हत्ती जांभया देऊ लागले. तेव्हा आमचा मूळपुरुष खाली घरी धावला. चुलीतला फुललेला निखारा त्यानं उचलला, हातात धरावा तर दोराला धरून चढायला हात हवेत, म्हणून डोक्यावरच्या पागोट्यात ठेवला, आणि दरवाजा बंद व्हायच्या आत गड चढला. पागोटं धुमसत होतं, केस जळत होते, पण तो हूं का चूं करेना. माळावर येऊन त्यानं पागोटंच होळीत टाकलं आणि होळी भडकली. महाराज म्हणाले, आजपासून ही होळी तुझी.

"नि पुरावा?" मामानं स्वतःच विचारलं, आणि टोपी काढली. टक्कल चंद्रासारखं उजळलं. "तवापासून आमच्या घरान्यात पुरुसाच्या डोक्याला क्यास नाय. मूळपुरुसाचा जळला तो जळला."

प्राध्यापक "हं" म्हणाले. माझे केस तुम्ही पाहिले असतील तर शंका घेऊ नका. मी बहिणीचा मुलगा.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांनी पल्याडच्या गावकाराकडे जेवण घेतलं. गावकारानं हात धुतले, मांडी ठोकली. अवकाळी पाऊस, भिजलेली होळी, जांभया देणारे हत्ती, निखारा, पागोटं. मी तिथंच होतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात गावकारणीनं पुढ्यात गरम घावन आणि गूळ ठेवला, आणि तोंड भरलेल्या माणसाला सत्य बोलता येत नाही. गावकारानं शेवटी टोपी काढली. त्याचं टक्कल मामापेक्षा थोडं तुकतुकीत होतं, हे मामाला मी आजवर सांगितलेलं नाही.

प्राध्यापक तिथंही "हं" म्हणाले.

त्या एका "हं"वर आठवडाभर दोन्ही वाड्यांची झोप उडाली होती. मामाला वाटे, पल्याडकरांनी त्यांना दूध पाजून फिरवलं. गावकाराला वाटे, मामानं त्यांना मामीच्या हातचं मटण घालून बांधलं. आणि छापलेलं सगळं खरं असतं, हे दोघांनाही माहीत होतं. प्राध्यापकांच्या पुस्तकात जे नाव येईल, त्याचा मान.

ते प्राध्यापक आता ओल्या पंचानं डोकं पुसत तलावाकडून आले. त्यांनी गर्दी पाहिली, चष्मा लावला, पुन्हा पाहिली, आणि सरळ चालत जाऊन खांबाला हात घातला.

"हां हां हां!" दोन्ही वाड्या एका आवाजात ओरडल्या. त्या दोन वाड्या एका आवाजात ओरडल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"अहो, काय झालं?" प्राध्यापक म्हणाले. "माझी काठी आहे ही. मोजणीची."

"तुमची?" मामा म्हणाला.

"काल संध्याकाळी रोवून ठेवली. माळावर सगळीकडे कातळ लागत होता, इथंच तेवढी माती मऊ सापडली."

मऊ सापडणारच. ती कैक शिमग्यांची राख होती.

मामाचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं आता हा नाचतोय. "काल! ऐकलांत? काल म्हंजे चतुर्थी! पंचमीच्या आधी रोवलेला तो होळीचा खांबच नाय, ती नुसती काठी! आनि हा," त्यानं गावकाराकडे बोट केलं, "म्हनत व्हता आमचाच. पोरांनी रोवला म्हने! कुठल्या पोरांनी, पुन्याच्या?"

पल्याडच्यांनी माना खाली घातल्या. मघा हो म्हणालेले दोघं दूर जाऊन ढगांकडे बघू लागले. गावकार मात्र जागचा हलला नाही.

"काठी तर काठी," तो म्हणाला. "पन फागुनात खळग्यात उभी हाय ना? उभी हाय त्याला हात लावायचा नाय. खळगा एक. तो भरला. तुजा खांब कुठं घालतोस, डोक्यात? यंदा खंड पडला म्हन. आमाला नको, तुमाला पन नको."

प्राध्यापक विनवत होते की काठी कचेरीतून आणलीय, परत द्यायची आहे. त्यांच्याकडे कुणी बघेना. मामानं खळग्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, देवाला घालतात तशा. मग खाली बसला, काठीच्या बुडाशी बोटं घालून पाहिली आणि वर बघून मला म्हणाला, "आना तो खांब."

आम्ही आणला. मामानं हातानं माती उकरली, काठीला धक्का न लावता शेजारी जागा केली, मूठभर नाचणी आणि सुपारी टाकली आणि आमचा खांब काठीला खेटून त्याच खळग्यात उभा केला. दोन्ही दोरानं करकचून बांधले. "काठी उपटली नाय," तो म्हणाला. "काठीला आधार दिला. पाहुन्याला आधार द्यायला काय पाप हाय?"

गावकारानं दोराच्या गाठी ओढून पाहिल्या. मग मागं वळून म्हणाला, "आमचा आना. आमीबी देतो आधार."

दुपारपर्यंत पल्याडचाही खांब आला आणि काठीच्या दुसऱ्या बाजूला बांधला गेला. राजधानीच्या त्या चौकात महाराजांच्या वेळेपासून असं काही कुणी पाहिलं नसेल. मध्ये लाल-पांढरी सडपातळ काठी आणि दोन्ही बाजूंना दोन जाडजूड सावरीचे खांब, जणू तापातून उठलेल्या माणसाला दोन पैलवान चालवत नेतायत.

पौर्णिमेपर्यंत पहारा. आमची माणसं पल्याडकरांवर नजर ठेवून, पल्याडकर आमच्यावर, आणि प्राध्यापक दोघांवर, कारण त्यांना काठी सोडून पुण्याला जाता येईना. सकाळी दोराची गाठ सैल दिसली की आरोप. कावळा आमच्या खांबावर बसला तर कुणी शिकवून पाठवला याची चौकशी. प्राध्यापकांनी एकदा खिशातून विडीसाठी काड्यापेटी काढली, तर दोन्ही बाजूंनी बारा हात त्यांच्या खिशात शिरले. चाकरमानी म्हणाला, "बोललो नव्हतो? पावडर असणार." पावडर नव्हती. पण नव्हती म्हणूनच त्याचा संशय जास्त वाढला.

मामी भाकरी घेऊन वर यायची. ती एकदा खांबांकडे बघून म्हणाली, "ह्या लाकडाला जपतायत तेवढं माज्या रेडकाला जपलं असतं तर ते आज नांगराला आलं असतं." गावकार हसला. मामानं लगेच विचारलं, "माज्या बायकोच्या बोलन्यावर तू का हसतोस?" त्यावरून अर्धा दिवस गेला.

आता पेटवायचं कुणी? पंच बसले. पंच म्हणजे खालच्या गावचे दोन म्हातारे. त्यांना दोन्ही वाड्यांनी जेवू घातलं, त्यामुळे दोन्ही वाड्यांचा त्यांच्यावर संशय होता. त्यांनी ठरवलं, दोघांनी दोन बाजूंनी एकाच वेळी पेटवावी. एक पळभरही आधी कुणी लावली तर त्यानं आयुष्यभर मान सोडायचा.

पौर्णिमेला दिवस कलला. खांबांभोवती गवत, गोवऱ्या, वाळकी लाकडं रचली. ढोल लागला. सारा डोंगर माळावर आला होता, पोलादपूरकडची माणसंसुद्धा होती. आंबेनळीच्या घाटातून कुणी उलट्या पायांनी आलं असं म्हणतात, मी पाहिलं नाही. एका बाजूला मामा, हातात पेटता पलिता. दुसऱ्या बाजूला गावकार, हातात पेटता पलिता. दोघं गवतापासून वीतभर अंतरावर हात रोखून वाकलेले. आणि दोघंही होळीकडे बघत नव्हते. मामा बघत होता गावकाराच्या हाताकडे. गावकार बघत होता मामाच्या हाताकडे.

ढोल थांबला. बोंब ठोकायला उगारलेले हात तोंडाजवळ जाऊन थांबले.

"लाव," मामा म्हणाला.

"तू लाव."

"मी लावीन नि तू म्हनशील आधी लावली."

"नि मी लावीन तर तू काय गप्प बसशील?"

पलिते जळत बोटांकडे आले. मी पाहिलं, मामाच्या बोटाच्या पेरावर फोड उठत होती आणि त्यानं हात हलवला नाही. गावकाराचीही तीच गत. दोघांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, धुरानं म्हणा. मला त्या घडीला मूळपुरुषाची गोष्ट पहिल्यांदा खरी वाटली, दोघांच्याही मूळपुरुषांची.

तेवढ्यात नगारखान्याच्या बाजूनं वाऱ्याची एक झुळूक आली. एक ठिणगी उडाली. कुणाच्या पलित्याची, ते देवाला ठाऊक. ती गवतावर पडली, आणि होळीनं एकदम पेट घेतला, असा की माळ उजेडानं भरला आणि बाजारपेठेची जोती दिवाळीतल्या दुकानांसारखी उजळली. शेकडो हात तोंडावर आले आणि बोंब उठली. खालच्या वाड्यांनी तो जाळ पाहिला आणि त्यांच्याही होळ्या पेटल्या, एकामागून एक, दूर महाडापर्यंत.

"माज्या पलित्याची!" मामा ओरडला.

"माज्या! वारा तुज्याकडनं आला काय?"

"वारा माज्याच अंगाला व्हता!"

दोन्ही वाड्यांनी आपापल्या बाजूनं साक्षी दिल्या. पंच म्हणाले, आमच्या डोळ्यांत धूर गेला. मान आमचा राहिला की गेला, की अर्धा राहिला, ते त्या गर्दीत कुणालाच सांगता येईना. मामा बोटावर ओली माती थापून जळत्या होळीकडे बघत बसला. त्याला मी तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. आवाज गेलेल्या माणसासारखा.

होळी बसली तसे प्राध्यापक एका फांदीनं राख उकरू लागले. त्यांची लाल-पांढरी काठी जळून गेली होती. बुडाचं लोखंडी टोक तेवढं त्यांना सापडलं. ते त्यांनी थंड केलं, रुमालात बांधलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. आता त्यांना पुण्याला जायला काही हरकत नव्हती.

मामा उठला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. गावकार लगेच दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला, मामा एकट्यानं काही बोलू नये म्हणून. दोघांच्या टोप्या हातात होत्या आणि दोन टकलांवर होळीचा उजेड सारखाच पडला होता.

"साहेब," मामा म्हणाला, आणि आवाज इतका खाली आला होता की शेजारच्यालाही जेमतेम ऐकू गेला. "ठिनगीचं ऱ्हाऊ दे. तुमी शिकलेली मानसं. तुमी इतिहास लिवनार. निखाऱ्याची गोष्ट तुमाला मी सांगितली, आनि ह्यानंबी सांगितली. त्यातली खरी कुनाची, तेवढं सांगा. तुमी सांगाल ते मी मानीन. ह्यो पन मानंल."

गावकारानं मान हलवली.

प्राध्यापकांनी चष्म्यावरची राख पुसली.

"ही गोष्ट मी येतानाच ऐकली होती," ते म्हणाले. "पोलादपुरात, एका चहावाल्याकडून. त्यानंही टोपी काढून दाखवली."